खुडलेले शेंडे

बुद्धसंवत दोन हजार पाचशे पासष्ट, म्हणजे इंग्रजी दोन हजार बावीस. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला सरकारनं गांजावरची बंदी उठवली, आणि थंडी पडेपर्यंत आमच्या दोनखाम गावात परसापरसांत गांजा डोलायला लागला. रंगाच्या रिकाम्या डब्यांत, कानतुटक्या माठांत, मुखियाच्या घरी तर एका जुन्या कमोडमध्ये. ज्या रोपाचं नाव घेताना बायका आवाज खाली आणायच्या, त्याला आता सकाळच्या उन्हात उभ्या राहून तांदळाचं धुवण घालायला लागल्या.

तंबाखू मात्र आमच्याकडे कधी चोरून लावावी लागली नाही. मेकाँगचं पाणी ओसरलं की काठाचा गाळ उघडा पडायचा, आणि त्यात आज्यापणज्यापासून तंबाखूच. पान पिकवून, बारीक चिरून बांबूच्या तट्ट्यांवर वाळत घातलं की सगळा रस्ता मधाच्या रंगाचा व्हायचा. नव्या माणसाला डोळ्यांआधी नाक सांगायचं, दोनखाम आलं. आता तट्टे कमी झाले आहेत. वासही विरळ झालाय.

त्या सकाळी लमदुआन उजाडताच नवऱ्याबरोबर खुडणीला उतरली होती. तंबाखूला तुरा धरला की शेंडा मोडायचा असतो, नाही तर सगळा कस फुलात जातो आणि पानं कागदासारखी राहतात. हे काम विचार करून होत नाही. हात आपोआप रोपाच्या टोकाशी जातो, अंगठा नि बोट मिळतात, कट् असा आवाज होतो, की पुढचं रोप. लमदुआन लग्न होऊन आली तेव्हापासून दर थंडीत तिचे हात हेच करत आले होते. पानांवरचं दव बाह्यांतून काखेपर्यंत जायचं. बोटांवर काळा चीक चढायचा, तो साबणानं जात नसे, राखेनं जात नसे. उन्हं वर येईतो पोटात ढवळायला लागायचं. त्याला 'तंबाखू लागली' म्हणायचं. बांधावर बसून ओकायचं, चिंचेचं बुटुक तोंडात टाकायचं आणि पुन्हा उभं राहायचं. त्याला आजार म्हणायची कुणाची पद्धत नव्हती.

सरीच्या दुसऱ्या टोकाला बुनहोम खोकत होता. खोकून झालं की कमरेवर हात ठेवून नदीकडे बघत राहायचा, जणू पलीकडच्या काठावर काही बघण्यासारखं आहे.

"नोयचे बाबा, बसा जरा," ती म्हणाली. नोय ही त्यांची मुलगी. ती समुद्राकडच्या एका कारखान्यात कामाला होती.

"बसलो तर उठवायला माणसं लागतील," बुनहोम म्हणाला, आणि कानावर अडकवलेली वळलेली विडी त्यानं तोंडात धरली.

तेवढ्यात वरच्या रस्त्यावर मोटारसायकल थांबली. मुखिया उथाय चपला हातात घेऊन काठ उतरला.

"अगं लमदुआन, देवळाच्या भिंतीवरचं तुझं ते काळ्या फुप्फुसाचं चित्र फाटलं बघ वाऱ्यानं."

लमदुआन गावची आरोग्य स्वयंसेविका होती. घरोघर जाऊन रक्तदाब मोजायची, डासांची अळी बघायची आणि विडी-सिगारेट सोडा म्हणून सांगायची.

"नवं आणते, मुखिया."

"आण. पण हात धुऊन चिकटव. मागच्या वेळी चित्रालाच तंबाखूचा वास येत होता."

मुखिया हसला. बुनहोमही हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. लमदुआननं हात पाठीमागे घेतले.

मग मुखियानं कामाचं काढलं. तंबाखूची सरकारी खरेदी यंदा पुन्हा कमी होणार होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शहरातला एक व्यापारी गांजासाठी गाव शोधत होता. तो तालुक्याच्या पाहुण्यांना घेऊन येणार होता. त्याच्या काचघरातली तयार रोपं येणार, मांडव पडणार, भाषणं होणार.

"आणि जेवायला जुन्या चवीचा कोंबडीचा रस्सा, गांजाचं पान घालून. आमच्या बायका आता पाकिटातली पूड टाकतात. तो खरा रस्सा येतो एकटीलाच." त्यानं मान गावाकडे वळवली. "तुझ्या सासूला."

लमदुआनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बुनहोमनं विडी पेटवली आणि पुन्हा नदीकडे बघायला लागला.

त्या घरात ही गोष्ट कधी बोलली जात नसे. चाळीसेक वर्षांपूर्वी, बुनहोम अजून म्हशीच्या पाठीवर बसायच्या वयाचा होता तेव्हा, त्याच्या आईला, लुनला, स्वयंपाकघरामागच्या गांजाच्या रोपांसाठी पोलिसांनी नेलं होतं. त्याआधी ती रोपं घरोघर असायची, कढीपत्ता असावा तशी. पावसात कोंबडी शिजवली की दोन पानं पडायची, म्हाताऱ्यांना झोप लागायची. मग दूर राजधानीत कायदा झाला, आणि तो दोनखामला पोचला तो लुनच्या परसात. ती शहराच्या तुरुंगात राहून आली. बुनहोम तोवर मावशीच्या घरी वाढला.

लमदुआनचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईनं एवढंच सांगितलं होतं, "माणूस चांगला आहे, जमीन नदीकाठची आहे. सासूचं कुणी विचारलं तर ऐकू आलं नाही असं कर." लमदुआननं आयुष्यभर तसंच केलं. लग्नकार्यात सासूला मागच्या चटईवर बसवलं. नोयला शाळेत पोरं 'तुरुंगवालीची नात' म्हणाली, तेव्हा रडणाऱ्या पोरीला जवळ घेण्याआधी तिनं रागानं सासूकडे बघितलं होतं.

दुपारी दोघी घराखालच्या सावलीत बसल्या. आमच्याकडची घरं खांबांवर असतात, दिवस सगळा खालीच जातो. लुन आजी पिकल्या पानांच्या शिरा ओढत होती. पान उताणं धरायचं, शिरेचं टोक नखानं उचलायचं आणि सर्रकन ओढायचं. वय झालं होतं, तोंडात पान-सुपारी शिल्लक होती आणि दात नव्हते, पण शीर कधी मध्येच तुटत नसे.

"आई, मुखिया आला होता," लमदुआन म्हणाली. "रस्सा करायला बोलावलंय. पाहुणे येणारेत."

"कुठला रस्सा?"

"तोच."

लुननं हातातली शीर ओढून टाकली. "मग आता पोलीस कोंबडी घेऊन येणार की हातकडी?"

"आता चालतं ते, आई. सरकारच म्हणतंय."

"तेव्हाही सरकारच म्हणत होतं." तिनं पिंक टाकली. "तो हवालदार रोपं उपटायला आला ना, तर त्याच्याजवळची विडी संपली होती. माझ्याच तट्ट्यावरची तंबाखू मागितली त्यानं. मीच वळून दिली. ती ओढत ओढत त्यानं मुळं मोजली. जाताना म्हणाला, मावशी, तंबाखू फक्कड आहे."

लमदुआनची नजर वर गेली. घरात, वरच्या भिंतीवर, उत्तम तंबाखूसाठी बुनहोमला मिळालेला पितळी बिल्ला टांगलेला होता. पाहुणे आले की तो पुसून ठेवणं हे तिचंच काम होतं.

"करीन मी," लुन म्हणाली. "पण आधी दोरा बांधा म्हणावं मला."

आमच्याकडे कुणी परगावाहून आलं, फौजेतून सुटलं, दुखण्यातून उठलं, की केळीच्या पानांचा कळस मांडून गाव त्याच्या मनगटांना पांढरं सूत बांधतं. माणूस घाबरला, दूर गेला, की त्याचा जीव वाटेत कुठेतरी मागे राहतो. त्याला नाव घेऊन बोलावावं लागतं, ये रे घरी, भात वाफाळतोय, ये. म्हैस विकत आणली तरी तिच्या शिंगाला सूत बांधतात. लुन तुरुंगातून आली त्या दिवशी मात्र गावात कुणाच्या घरी सूत निघालं नाही. तिची जिवाभावाची मैत्रीण सेंग, म्हणजे मुखियाची आई, तिला बघून आत गेली आणि दाराचं झाप ओढून घेतलं.

"माझं जे काय आहे ते अजून तिथंच बसलंय, तुरुंगाच्या फाटकाशी," लुन म्हणाली. "एवढी वर्षं. मरायच्या आधी घरी आणा म्हणावं."

मुखियानं ते ऐकलं आणि मांडी थोपटली. "एवढंच ना? मांडवातच बांधू! जेवणं झाली की सगळ्यांसमक्ष. फोटोही येईल."

लुन आजी तेव्हापासून रोज विचारायची, "जेवणानंतर म्हणाला ना?" तिनं पेटीतली निळ्या काठाची जुनी रेशमी चौकडी, सणाला नेसायची, काढून उन्हात टाकली. लमदुआनला ते बघवत नसे. सासूची दया यायची, आणि त्याच वेळी मांडवात, तालुक्याच्या माणसांसमोर, पुन्हा तो तुरुंग निघणार याची लाजही वाटायची.

ठरल्या दिवशी देवळाच्या आवारात मांडव पडला. 'धूम्रपान बंदी' अशा पाटीखालीच व्यापाऱ्यानं आणलेली रोपं मांडली होती. ती आमच्या परसातल्यांसारखी उंच किडकिडीत नव्हती. बुटकी, दाट, आणि टोकाटोकाला मुठीएवढे चिकट तुरे. वास असा की नाक चुरचुरावं.

"आजी, बघा, खास परदेशी बियाणं," व्यापारी म्हणाला.

लुननं एक पान चुरगळून हुंगलं. "हे माझं झाड नव्हे," ती म्हणाली. "याची फक्त खालची जुनी पानं घ्या. तीही थोडी."

पण ऐकायला कोण होतं? ध्वनिक्षेपकावर मुखिया 'हॅलो हॅलो' करत होता. चुलीवर दोन मोठे टोप, कोंबड्या चिरून पडलेल्या, गवतीचहा कुटला जातोय, आंबवलेल्या माशांच्या पाण्याचा घमघमाट, बायकांची चेष्टा.

"लुन आजी, जपून हां, सगळे नाचायला लागतील!"

"नाचाल तर भांडी कोण घासेल, सटवे?" लुन म्हणाली. कितीतरी वर्षांनी ती बायकांच्या घोळक्यात मधोमध बसली होती, आणि अंगावरच्या चौकडीचा निळा काठ पुन्हा पुन्हा नीट करत होती.

पानं तोडायचं काम लमदुआनकडे आलं. ती पहाटेपासून शेतात खुडणी करून तशीच आली होती. स्वयंसेविकेचा सदरा घाईत चढवलेला, बाह्या अजून दवानं ओल्या. सासू चुलीपासून काहीतरी ओरडून सांगत होती, खालची, जुनी, असं काहीतरी. लमदुआननं मान हलवली. जवळ जाऊन विचारायचं म्हणजे तिथं बघत उभ्या असलेल्या तालुक्याच्या अधिकारी बाईंसमोर 'आई' म्हणून हाक मारायची. ती रोपांकडे वळली.

आणि तिच्या हातांनी जे येत होतं ते केलं. हात टोकाशी गेला, अंगठा नि बोट मिळाले, कट्. पुढचं रोप. कट्. बघता बघता सुपलीभर शेंडे झाले. तंबाखूचे असते तर तिनं ते सरीत टाकले असते. पण हे रश्श्याचं होतं, आणि रश्श्याला भोपळ्याचा काय, चिंचेचा काय, कोवळा शेंडाच गोड लागतो, हे आमच्या कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. तिनं वर मूठभर पानं टाकली, सुपली झाकली गेली. लुन तेव्हा दुसऱ्या टोपाचा जाळ मागे ओढत होती. लमदुआननं सुपली पहिल्या टोपात पालथी केली आणि पाला डावानं खाली दाबला.

जेवणं मजेत झाली. सेंग म्हातारी पुढच्या रांगेत होती. तिनं लुनकडे न बघता वाटी पुढे केली, मग पुन्हा केली.

"लुन, तोच गं तोच," ती भुरका मारत म्हणाली. "पुराच्या वर्षी खाल्ला होता तोच."

लुननं मान खाली घातली. तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

तास-दीड तास भाषणं झाली, मग मुखियानं सुताचा गुंडा ताटात ठेवून आणायला सांगितलं. ताट आलंही. तेवढ्यात सेंग खुदकन हसली. हसता हसता तिनं शेजारणीचा खांदा धरला आणि म्हणाली, "नदी वर येतेय." मग तिचे डोळे फिरले. तालुक्याच्या बाई खुर्चीतून उठायला गेल्या आणि खालीच बसल्या. आणखी दोघींना ओकाऱ्या सुरू झाल्या. एक शिक्षक छाती धरून मी मेलो, मी मेलो म्हणायला लागला. मांडवात एकच कालवा झाला. कुणाचा तरी पाय लागून सुताचं ताट उपडं झालं.

बुनहोमनं आपला जुना टेम्पो काढला. त्यानं सेंग म्हातारीला उचलून मागे ठेवलं, एकेकाला हात दिला, आणि तालुक्याच्या इस्पितळाचा रस्ता धरला. लमदुआन मागे रोग्यांची डोकी मांडीवर घेऊन बसली. तिच्या बोटांना तो नवा चीक चिकटला होता, जुन्या काळ्यावर हिरवा.

इस्पितळात तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी सगळ्यांच्या डोळ्यांत बघितलं, नाडी बघितली.

"यात फुलं पडली होती का? तुरे? नशा सगळी त्यातच असते."

लमदुआनचं तोंड उघडलं. मागून मुखिया आला, घामानं निथळत. "म्हातारीनं काय टाकलं देव जाणे! तुरुंगात जाऊन आलेली बाई, डॉक्टर. माझंच चुकलं, तिच्या हाती टोप दिला."

लमदुआनचं तोंड मिटलं.

"घाबरू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "झोपू द्या, पाणी द्या. वय झालंय म्हणून आजींवर रात्रभर लक्ष ठेवू. बाकीचे उतरेल तसे जातील घरी." मग त्या थांबल्या. दाराशी बुनहोम भिंतीला टेकून उभा होता, तोंड उघडं टाकून. त्याच्या श्वासाची शिट्टी आत ऐकू येत होती. "हे कोण?"

"टेम्पोवाला," मुखिया म्हणाला.

"काका, इकडे या. विडी किती ओढता?"

"मी पिकवतो," बुनहोम म्हणाला.

"ओढता का?"

"मासे धरणारा मासे खातोच की, डॉक्टर."

त्यांनी त्याच्या पाठीला नळी लावली. पुन्हा लावली, दुसरीकडे लावली. त्यांचा चेहरा बदलला. "या लोकांची मला तेवढी काळजी नाही," त्या हळू म्हणाल्या. "तुम्ही मात्र आज घरी जायचं नाही."

लमदुआनच्या सदऱ्यावर 'आरोग्य' असं शिवलेलं होतं. डॉक्टरबाईंनी ते वाचलं, मग तिच्याकडे बघितलं.

संध्याकाळी एक पोलीस आला आणि रश्श्याचं सगळं लिहून घेऊन गेला. कुणी शिजवला, कुठली रोपं, किती जण. बुनहोमच्या खाटेपाशी तो पाणी प्यायला थांबला, बरे व्हा म्हणाला आणि गेला. तिथं लिहून घेण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावात परतल्यावर लमदुआनला कळलं, पोलीस आदल्या संध्याकाळीच लुनकडेही जाऊन आला होता. "शिजवलं कुणी?" असं त्यानं विचारलं आणि लुन म्हणाली, "मीच." एवढंच. पोलिसानंही मग, आता यात गुन्हा काय लावायचा तेच कळत नाही, म्हणून डोकं खाजवलं होतं. पण गावाला गुन्ह्याची गरज नव्हती. नळावर बायका बोलतच होत्या. मुळातच हात वाईट. ज्या झाडापायी आत गेली, त्याचाच सूड घेतला.

लमदुआन तशीच मुखियाकडे गेली. पायरीवर उभी राहून म्हणाली, "शेंडे मी खुडले होते. आईंनी नाही. त्यांनी पानं सांगितली होती."

मुखिया दात कोरत होता. त्यानं तिच्याकडे मायेनं बघितलं.

"बस खाली. पाणी पी. अगं, सारं गाव म्हणतं, सून मिळावी तर लमदुआनसारखी. नवरा इस्पितळात, आणि तू सासूचा दोष अंगावर घ्यायला आलीस?"

"अंगावर नाही घेत. खरंच माझ्या हातानं..."

"असू दे, असू दे. माझी आई बरी आहे. व्यापारी गेला तो गेला. कुणी म्हातारीला काही करत नाही. तू काळजी करू नकोस."

त्याची बायको आतून चिकट भाताची टोपली घेऊन आली आणि तिच्या हातात दिली. "इस्पितळात खा हो. किती करतेस गं सगळ्यांचं."

लमदुआननं ती टोपली घरी आणली, पण उघडली नाही. मांडवात सासूला विचारता आलं असतं, इस्पितळात डॉक्टरबाईंना सांगता आलं असतं, आणि दोन्ही वेळा तिनं तोंड मिटलं होतं. आता ती बोलत होती तर खरं तिच्या तोंडून बाहेर पडून चांगुलपणा होऊन परत येत होतं. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सेंग म्हातारी घरी आली तेव्हा देवळाच्या ओसरीवर कळस मांडला गेला. आजारी पडलेले सगळे ओळीनं बसले आणि गावानं त्यांना सूत बांधलं. ये रे जीवा, इस्पितळातून ये, खाटेवरून ये, भात वाफाळतोय, ये. शिक्षकाचा हात मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा झाला. लुनला कुणी बोलावलं नव्हतं. बुनहोम इस्पितळात होता, त्याच्यासाठी एक सूत बाजूला ठेवलं होतं.

लमदुआन पुढे गेली. ताटातलं आणखी एक सूत तिनं उचललं.

"हे कुणाला?" मुखियाच्या बायकोनं विचारलं.

"आईंना." आणि मोठ्यानं म्हणाली, "शेंडे मी घातले होते रश्श्यात. मी."

कुणीतरी चुकचुकलं. "पुण्यवान गं बाई." दुसरी म्हणाली, "अशा सुना आता होत नाहीत."

सेंग म्हातारी तेवढी आपल्या सुतानं भरलेल्या मनगटांकडे बघत बसली.

लुन घराखाली पानांच्या शिरा ओढत होती. अंगावर रोजचंच विटकं लुगडं. निळ्या काठाची चौकडी परत पेटीत गेली होती. लमदुआन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि सूत पुढे धरलं.

लुननं आधी सुताकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. "चीक आहे. धुऊन येते."

"निघतो का तो, आई?"

"नाही निघत," लुन म्हणाली, आणि हात पुढे केला.

मनगट काटकीएवढं होतं. लमदुआन सूत फिरवतच राहिली. आता नाव घेऊन बोलवायचं होतं. पण कुठल्या तोंडानं बोलवायचं?

"नुसतं गुंडाळू नकोस," लुन म्हणाली. "बोलावलं नाही तर ते सूतच राहतं."

"आई, शेंडे मी..."

"माहीत आहे मला. टोप मीच घासला ना. तळाला सगळे तुरे होते, नखानं मोडलेले, एकसारखे. तंबाखूवालीचा हात तो. दुसऱ्या कुणाचा असणार?"

"मग पोलिसाला..."

"त्याला कशाला सांगू? नोयकडे कुणी 'हिच्या आईनं केलं' म्हणून बोट दाखवायला? आजीवरून दाखवतात तेवढं पुरे आहे." तिनं मनगट जरा वर केलं. "मला तिथं थंडी वाजते गं. बोलाव लवकर."

लमदुआननं गाठ धरली. आवाज फुटला तो रडका, चिरका. "ये, आई. फाटकापासून ये. मागच्या चटईवरून ये. नोयच्या शाळेपासून ये. माझ्या दारात ये, भात वाफाळतोय, ये." चुलीवर खरं म्हणजे काहीच नव्हतं. तिनं गाठ मारली. पांढऱ्या सुताला दोघींच्याही बोटांचा काळा डाग लागला.

लुननं सूत निरखून बघितलं. "आता तांदूळ टाक," ती म्हणाली. "आलीच आहे तर जेवेन."

बुनहोम पुढच्या पावसाळ्याच्या आधी गेला. शेवटी त्याला नदी दिसेल अशा बाजूला खाट केली होती. प्रेतापाशी बसायला येणाऱ्यांना सिगारेटींचं तबक फिरवायची आमची रीत आहे. देवळात ओढायला कायद्यानं बंदी होती, म्हणून लोकांनी त्या खिशात घातल्या आणि फाटकाबाहेर जाऊन ओढल्या. तबक लमदुआनलाच फिरवावं लागलं. पितळी बिल्ला तिनं चितेवर ठेवला. तो जळला नाही. राखेतून काढून कुणीतरी परत आणून दिला.

व्यापारी पुन्हा आला नाही. परसातली गांजाची रोपं कोंबड्यांनी आणि उन्हानं खाल्ली, आणि तीनएक वर्षांनी कायदा पुन्हा फिरला. आता तुरे हवे असतील तर डॉक्टरची चिठ्ठी लागते म्हणतात. मुखियाच्या कमोडात हल्ली मिरच्या आहेत. तो पुढच्या निवडणुकीत पडला, पण लग्नकार्यात अजून लमदुआनचं उदाहरण देतो. सेंग म्हातारी एका दुपारी काठी टेकत लुनच्या घराखाली येऊन बसली. दोघी पानांच्या शिरा ओढत राहिल्या. मग ती रोजच यायला लागली, मरेपर्यंत.

लुन आजी तिच्यामागून वर्षभर जगली. मनगटावरचं सूत तिनं काढू दिलं नाही. ते तंबाखूनं पार तपकिरी झालं होतं आणि तिच्याबरोबरच गेलं. नोय बापाच्या नि आजीच्या, दोघांच्याही क्रियेला आली आणि आईला समुद्राकडे चल म्हणाली. लमदुआन गेली नाही. नदीकाठच्या जमिनीत ती आता भुईमूग करते आणि देवळाच्या भिंतीवर काळ्या फुप्फुसाची चित्रं लावते. हात धुतलेले असतात, वासही येत नाही. पण कुणाच्या शेताच्या बांधावरून जाताना तुरा धरलेली तंबाखू दिसली की तिचा हात आपोआप पुढे होतो. मग ती थांबते, हात पाठीमागे धरते आणि तशीच चालत राहते.